‘गौतमी’ या नावाचा अर्थ नेमका काय?

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत धरणसाठ्याचे आकडे रोज छापून येतात आणि गंगापूर, काश्यपी, आळंदी यांच्या सोबतीने ‘गौतमी-गोदावरी’ हे नाव वाचकांच्या नजरेखालून जाते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची चर्चा सुरू झाल्यापासून तर गोदावरीला गौतमी का म्हणतात, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात आहे. याच शहरात शाळांच्या हजेरीपटांवर गौतमी हे मुलींचे नाव आहे, आणि बाळासाठी नाव शोधणारे पालक नावांच्या पुस्तिका चाळतात तेव्हा त्यांना या एका नावापुढे ‘गोदावरी नदी’, ‘गौतम ऋषींची पत्नी’, ‘अंधार नाहीसा करणारी’ असे निरनिराळे अर्थ मिळतात. हे तीनही अर्थ एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. त्यांतला एक चुकीचा आहे, एक नंतरच्या काळात जोडला गेलेला आहे आणि उरलेला खरा असला तरी तो मूळ अर्थ नाही.

मूळ अर्थ समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. ‘गौतमी’ हे सुरुवातीला कोणा एका मुलीचे ठेवलेले नाव नव्हते. ती कोणत्या कुळातली, हे सांगणारी ती ओळख होती. या ओळखीचे नाव कसे झाले, हा इतिहास मोठा आहे आणि त्यातले बरेचसे पुरावे नाशिक जिल्ह्यातच, काही तर दगडावर कोरलेले, आपल्यासमोर आहेत.

गोतम आणि गौतम: दोन वेगळे शब्द

ऋग्वेदातील ऋषीचे नाव ‘गोतम’ असे आहे, ‘गौतम’ नव्हे. पहिल्या मंडलातील ७४ ते ९३ ही सूक्ते गोतम राहूगण या ऋषीच्या नावावर आहेत. ‘गो’ म्हणजे गाय, आणि ‘तम’ हा ‘प्रियतम’, ‘उच्चतम’ या शब्दांत दिसणारा, सर्वाधिक असा अर्थ देणारा प्रत्यय होय. ज्या समाजात गोधन हीच संपत्ती होती, त्या समाजात ‘ज्याच्याकडे सर्वांत अधिक गाई आहेत तो’ हे एखाद्या पुरुषाचे नाव असणे स्वाभाविक होते.

या गोतमाच्या वंशात जे जन्मले ते गौतम. म्हणजे ‘गौतम’ हा शब्दच मुळी ‘गोतमाच्या कुळातला’ असे सांगतो. भारतीय परंपरेत एवढे गौतम का आढळतात, याचेही उत्तर यात आहे. न्यायसूत्रांचे कर्ते अक्षपाद गौतम, ज्यांच्या नावावर धर्मसूत्र आहे ते गौतम, अहल्येचे पती गौतम, शाक्य कुळातील गौतम बुद्ध आणि भगवान महावीरांचे प्रमुख शिष्य इंद्रभूती गौतम ही सगळी माणसे वेगवेगळी आहेत, त्यांचे काळ वेगळे आहेत आणि त्यांचे विचार तर काही ठिकाणी परस्परांच्या विरुद्ध आहेत. त्यांच्यात समान आहे ते गोत्राचे नाव. गोत्र म्हणजे एखाद्या प्राचीन ऋषीपासून आपली परंपरा मोजणाऱ्या घराण्यांचा समूह, एवढा अर्थ इथे पुरेसा आहे.

‘गो’चे ‘गौ’ कसे झाले?

हा बदल उच्चाराच्या ओघात आपोआप झालेला नाही, त्यामागे व्याकरणाचा एक नियम आहे आणि तो नियम मराठी माणूस नकळत रोज वापरतो. ‘समाज’पासून ‘सामाजिक’, ‘इतिहास’पासून ‘ऐतिहासिक’, ‘उद्योग’पासून ‘औद्योगिक’ आणि ‘लोक’पासून ‘लौकिक’ असे शब्द होतात, तेव्हा शेवटी प्रत्यय लागतोच, शिवाय शब्दाच्या आरंभीचा स्वरही बदलतो. संस्कृत वैयाकरण अशा बदलाला वृद्धी म्हणतात. ‘अ’चा ‘आ’ होतो, ‘इ’चा ‘ऐ’ होतो, ‘उ’ आणि ‘ओ’ यांचा ‘औ’ होतो. ‘त्याच्याशी संबंधित’ किंवा ‘त्याचे अपत्य’ असा अर्थ सांगायचा असला की ही वृद्धी होते.

‘लोक’चे ‘लौकिक’ होताना जे घडते तेच ‘गोतम’चे ‘गौतम’ होताना घडते, आणि गौतमचे स्त्रीलिंगी रूप गौतमी. एकदा हे लक्षात आले की ओळखीची कितीतरी नावे उलगडू लागतात. जनकाची ती जानकी, विदेह देशाची ती वैदेही, मिथिलेची ती मैथिली, द्रुपदाची ती द्रौपदी, पर्वताची ती पार्वती, केकय देशाची ती कैकेयी. महाकाव्यांतल्या किती स्त्रियांना आपण त्यांच्या पित्याच्या किंवा माहेरच्या देशाच्या नावाने ओळखतो, हे पाहिले की थोडे थांबून विचार करावासा वाटतो. द्रौपदीचे ‘कृष्णा’ हे स्वतःचे नाव आज फारसे कोणाच्या तोंडी नाही. ‘गौतमी’ ही याच पंक्तीतली आहे, एवढाच फरक की जानकी आणि द्रौपदी ही नावे एकेकीपुरती राहिली, तर गौतमी म्हणवून घेणाऱ्या स्त्रिया अनेक होऊन गेल्या.

मग गौतमी म्हणजे गौतमाची पत्नी का?

नावांच्या पुस्तिकांतला हा अर्थ बहुधा अंदाजाने लिहिलेला असतो. गौतम ऋषींच्या पत्नीचे नाव अहल्या होते. एखाद्या पुरुषवाचक शब्दाचे स्त्रीलिंगी रूप कधी कधी पत्नी या अर्थी वापरले जाते, हे खरे आहे. परंतु जुन्या वाङ्मयात गौतमी म्हणून ज्या स्त्रिया भेटतात त्यांच्याकडे पाहिले तर हा अर्थ टिकत नाही.

सर्वांत बोलका दाखला द्रोणाचार्यांच्या पत्नीचा आहे. कृपी ही शरद्वान गौतमाची कन्या आणि कृपाचार्यांची बहीण. द्रोण हे भारद्वाज कुळातले. महाभारतात अश्वत्थाम्याच्या जन्माची वार्ता सांगताना कृपीला ‘गौतमी’ म्हटले आहे. लग्न होऊन, मूल होऊनही तिची ओळख पित्याच्या कुळावरूनच सांगितली गेली. आपल्याकडच्या खेड्यांत सासरी आलेल्या सुनेला तिच्या नावाने हाक मारण्याऐवजी माहेरच्या गावावरून ओळखण्याची रीत होती. ती सून पुढे आजी झाली तरी गावच्या तोंडी तिचे माहेरच राहत असे. ‘गौतमी’ या ओळखीची घडण अगदी अशीच आहे.

महाभारतातच, अनुशासनपर्वाच्या आरंभी, आणखी एक गौतमी येते आणि ती मला कृपीहूनही मोठी वाटते. तिच्या एकुलत्या मुलाला साप चावून मृत्यू येतो. अर्जुनक नावाचा पारधी त्या सापाला दोरीने बांधून तिच्यापुढे आणतो आणि याला कसे मारू, असे विचारतो. याला मारल्याने माझा मुलगा परत येणार नाही, याला सोडून दे, असे ती सांगते. पारधी ऐकत नाही; मग साप मृत्यूकडे बोट दाखवतो, मृत्यू काळाकडे, आणि काळ त्या मुलाच्या कर्माकडे. युद्धानंतर शोकाने खचलेल्या युधिष्ठिराला भीष्मांनी ही कथा सांगितली आहे. या वृद्धेचे स्वतःचे नाव कथेत कुठेच येत नाही. तिथे ती फक्त गौतमी आहे. कालिदासाच्या शाकुंतलातील कण्वाश्रमातली वडीलधारी तापसीही गौतमीच आहे. शकुंतलेला दुष्यंताच्या दरबारात घेऊन जाणारी आणि राजाला ओळख पटावी म्हणून तिच्या चेहऱ्यावरचे अवगुंठन दूर करणारी स्त्री तीच. कृपी विवाहित आहे, अनुशासनपर्वातली वृद्धा माता आहे आणि कालिदासाची तापसी आश्रमवासिनी आहे. तिघींपैकी एकीचीही ओळख ‘गौतमाची पत्नी’ अशी नाही.

त्रिरश्मीच्या डोंगरातली गौतमी

नाशिककरांसाठी या नावाचा सर्वांत ठोस पुरावा मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेण्यांत आहे. या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. लेखांत ते प्राकृत भाषेत ‘तिरण्हु’ असे आले आहे. इथल्या चोवीस लेण्यांपैकी तिसरे लेणे एका राजमातेने भिक्षुसंघाला दान दिले. तिचे नाव लेखात ‘महादेवी गोतमी बलसिरी’ असे कोरलेले आहे. आज आपण तिला गौतमी बलश्री म्हणतो. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हा तिचा नातू. लेख पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षातला, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षाच्या तेराव्या दिवसाचा आहे, म्हणजे स्थूलमानाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला.

या लेखात तिची दोन नावे एकापुढे एक येतात. ‘बलसिरी’ हे तिचे स्वतःचे नाव, तर ‘गोतमी’ ही तिच्या कुळाची खूण. आजच्या भाषेत सांगायचे तर नाव आणि आडनाव दोन्ही कोरलेले आहे, फक्त क्रम उलटा आहे. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत असल्याने ‘गौ’चे ‘गो’ झाले आहे. प्राकृतात ‘औ’ टिकत नाही. संस्कृत ‘मौक्तिक’ मराठीपर्यंत येताना ‘मोती’ झाले आणि ‘गौर’चे ‘गोरा’ झाले ते याच वाटेने. म्हणून कोरीव लेखांत आणि पाली ग्रंथांत ‘गोतमी’ दिसले तर ते वेगळे नाव समजण्याचे कारण नाही.

लेखाचा बराचसा भाग मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करण्यात गेला आहे. क्षहरात या शक राजवंशाचा समूळ नाश करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रतिष्ठित करणारा, अशी विशेषणे एकामागून एक येतात आणि त्यांतच ‘अविपनमातुसुसूसाक’ असे एक विशेषण आहे, म्हणजे आईच्या सेवेत कधीही खंड न पडू देणारा. दान देणारी आई आहे आणि तिच्या लेखात मुलाविषयी हे शब्द कोरले गेले आहेत, हे ध्यानात ठेवून वाचले की या कोरड्या वाटणाऱ्या राजलेखात माणसाचा आवाज ऐकू येतो. ती स्वतः सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, तप, दम, नियम आणि उपवास यांत तत्पर असलेली स्त्री म्हणून वर्णिली आहे. ‘महाराजमाता’ आणि ‘महाराजपितामही’ ही बिरुदे तिच्या नावाला लागली आहेत. नातवाने या लेण्याच्या निर्वाहासाठी गाव दिले, त्याचीही नोंद इथे आहे.

तिच्या अधिकाराचा दुसरा पुरावाही याच लेण्यात आहे. गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षातली एक आज्ञा राजा आणि त्याची आई या दोघांच्या नावाने निघाली असून ती गोवर्धन येथील सामक नावाच्या अमात्याला उद्देशून आहे. गंगापूर रस्त्याने जाताना लागणारे गोवर्धन गाव आजही त्याच नावाने उभे आहे.

पलीकडच्या दहाव्या लेण्यात दखमिता, म्हणजे दक्षमित्रा, या स्त्रीच्या दानाची नोंद आहे. क्षहरात राजा नहपानाची ती मुलगी आणि उषवदाताची पत्नी. तिची ओळख पित्याच्या आणि पतीच्या नावाने दिली आहे. नहपान हा शक क्षत्रप, तेव्हा त्याच्या घराण्यात ऋषिगोत्राने ओळख सांगण्याची पद्धत दिसत नाही यात नवल नाही. काही पावलांच्या अंतरावर असलेल्या या दोन लेखांमुळे स्त्रीची ओळख सांगण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

आईचे नाव लावणारे राजे म्हणजे मातृसत्ता का?

गौतमीपुत्र हे नाव ऐकून अनेकांना असे वाटते की सातवाहनांमध्ये वंश आईकडून मोजला जात असावा. राजांची यादी पाहिली तर तसे दिसत नाही. सिंहासन पित्याकडून पुत्राकडेच गेले आहे. शिवाय ‘गौतमीपुत्र’ या शब्दात आईचे ‘बलश्री’ हे नाव आलेलेच नाही, आले आहे ते तिच्या माहेरचे गोत्र. वासिष्ठीपुत्र म्हणजे वसिष्ठ गोत्रातल्या राणीचा मुलगा. राजाला अनेक राण्या असत, तेव्हा कोणत्या राणीचा हा पुत्र हे स्पष्ट करण्यासाठी ही पद्धत रूढ झाली असावी, असा तर्क केला जातो आणि तो पटण्यासारखा आहे.

मातृसत्ता नसली तरी यातून निघणारी एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. धर्मशास्त्राच्या प्रचलित नियमाप्रमाणे विवाहानंतर स्त्री पतीच्या गोत्राची होते. सातवाहनांच्या राण्यांनी मात्र पित्याच्या गोत्राचे नाव कायम ठेवलेले दिसते. त्यांच्या मुलांनी ते नाण्यांवर घालून बाजारपेठांत फिरवले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी नहपानाची होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाच्या नाण्यावर जिंकणाऱ्या राजाने जे नाव उमटवले, त्याची सुरुवात आईच्या गोत्राने होते. लग्नानंतर मुलीने नाव किंवा आडनाव बदलावे की नाही, यावर आज घरोघरी वाद होतात. आपल्याकडे हे नेहमीच असे चालत आले आहे, असे जे ठामपणे सांगितले जाते, त्याला हा इतिहास दुजोरा देत नाही.

बुद्धांची मावशी

बौद्ध परंपरेत गौतमी हे नाव आणखी मोठ्या आदराने घेतले जाते. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सात दिवसांनी त्याची आई महामाया हिचे निधन झाले आणि मावशी महाप्रजापती गौतमी हिने त्याला वाढवले. पुढे शुद्धोदनाच्या मृत्यूनंतर तिने शाक्य स्त्रियांसह वैशालीपर्यंत पायी चालत जाऊन संघात प्रवेश मागितला. बुद्धांनी आधी नकार दिला, त्यांचा शिष्य आनंद याने मध्यस्थी केली आणि आठ अटींवर स्त्रियांना प्रव्रज्या, म्हणजे संघाची दीक्षा, मिळाली. भिक्षुणीसंघाची सुरुवात इथून होते. ‘गोतमी’ हे तिचे गोत्रनाव. पाली ग्रंथांत बाहेरची माणसे बुद्धांना ‘भो गोतम’ असे संबोधतात आणि बुद्ध मावशीला ‘गोतमी’ म्हणून बोलतात, म्हणजे दोघांनाही हाक एकाच गोत्राची आहे.

दुसरी, किसा गोतमी. किसा म्हणजे कृश. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या या आईला बुद्धांनी सांगितले, ज्या घरात कोणीही मेलेले नाही अशा घरातून मोहरीचे दाणे घेऊन ये. तिला तसे घर मिळाले नाही. थेरीगाथेत, म्हणजे भिक्षुणींच्या गाथांच्या पाली संग्रहात, या दोघींच्याही नावावर गाथा आहेत. अनुशासनपर्वातली गौतमी आणि ही किसा गोतमी, दोन भिन्न परंपरांतल्या या दोन माता पुत्रशोकातून शहाणपणाकडे जातात, हा योगायोग असला तरी मनात राहतो.

महाराष्ट्रात या धाग्याला विसाव्या शतकात नवे बळ मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर बौद्ध कुटुंबांतून गौतम, सिद्धार्थ, यशोधरा, सुजाता या नावांच्या बरोबरीने गौतमी हे नावही विचारपूर्वक ठेवले जाऊ लागले. या घरांत गौतमीचा अर्थ विचारला तर नदी हे उत्तर येणार नाही, आणि ते उत्तर येत नाही हे बरोबरच आहे.

नदीला हे नाव कसे मिळाले?

त्र्यंबकेश्वरची कथा नाशिककरांना वेगळी सांगायला नको, म्हणून थोडक्यात. ब्रह्मगिरीच्या परिसरात गौतम ऋषींचा आश्रम होता. शेतात शिरलेल्या गाईला त्यांनी गवताच्या काडीने हाकलले आणि ती कोसळली. त्या पातकातून मुक्त होण्यासाठी त्यांनी तप करून शिवाच्या जटेतली गंगा खाली आणली. हा प्रवाह कुश गवताने अडवला ते कुशावर्त. पुराणांत तपशील वेगवेगळे आहेत, पण कथेचा गाभा हाच. ब्रह्मपुराणातील ‘गौतमी माहात्म्य’ हा भाग शंभराहून अधिक अध्यायांचा असून त्यात गोदाकाठच्या तीर्थांच्या कथा आहेत.

नावाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. विंध्याच्या दक्षिणेला वाहणारी गंगा ती गौतमी आणि उत्तरेला वाहणारी ती भागीरथी, अशी विभागणी ब्रह्मपुराण करते. भगीरथाने आणली म्हणून भागीरथी, गौतमाने आणली म्हणून गौतमी. दोन्ही नद्यांना आणणाऱ्याची लेक मानले आहे आणि जानकी किंवा द्रौपदी हे शब्द ज्या रीतीने तयार झाले त्याच रीतीने ही नावेही घडली आहेत. रामकुंडावर जाणारा नाशिककर ‘गंगेवर जातो’ असे म्हणतो, त्यामागेही हीच समजूत आहे.

इथे एक शंका हमखास निघते. गोदावरी आणि गौतमी या दोन्ही नावांच्या आरंभी ‘गो’चा नाद आहे, मग ती एकाच शब्दाची रूपे आहेत का? नाहीत. ‘गोदावरी’ हे नदीचे स्वतंत्र नाव आहे, आणि ‘गौतमी’ हे ऋषीच्या नावावरून तिला मिळालेले दुसरे नाव.

दुसरी शंका आंध्र प्रदेशात जाऊन आलेल्यांना येते. ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीला राजमहेंद्रवरमजवळच्या धवळेश्वरमच्या खाली फाटे फुटतात आणि त्यांतल्या दोन मुख्य शाखांची नावे गौतमी आणि वसिष्ठ अशी आहेत. यानम हे शहर गौतमी शाखेच्या काठी आहे. तेव्हा नाशिकमध्ये गौतमी म्हणजे अख्खी गोदावरी, तर त्रिभुज प्रदेशात गौतमी म्हणजे तिचा एक फाटा. उगमाजवळच्या डोंगरात गौतमी आणि वासिष्ठी या राण्यांच्या गोत्रांची नावे कोरलेली असावीत आणि नदीच्या मुखाशी शाखांनाही त्याच दोन ऋषींची नावे असावीत, हे पाहून मला नेहमी आनंद होतो. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. ऋषिनामांचा या भूभागावर केवढा प्रभाव होता, एवढे मात्र त्यातून कळते.

‘अंधार नाहीसा करणारी’ हा अर्थ चुकीचा आहे का?

संस्कृतात ‘गो’ शब्दाचे अर्थ अनेक आहेत: गाय, किरण, वाणी, पृथ्वी. त्यातला ‘किरण’ घ्यायचा आणि ‘तम’ म्हणजे अंधार मानायचा, की ‘किरणांनी अंधार घालवणारा’ असा अर्थ तयार होतो. परंपरेतल्या विद्वानांनी असे अर्थ आवडीने केले आहेत. शब्दातून भक्ताला किंवा साधकाला काय बोध घेता येईल, हे सांगण्याची ती पद्धत आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण शब्द ऐतिहासिकदृष्ट्या कसा तयार झाला, हा प्रश्न वेगळा आहे. अंधारवाचक मूळ शब्द ‘तमस्’ असा सकारान्त आहे, तर ‘गोतम’मधला ‘तम’ हा श्रेष्ठत्व दाखवणारा प्रत्यय आहे. बारशाच्या पत्रिकेवर ‘तेजस्विनी’ असा भाव लिहायला कोणाची हरकत असू नये. शब्दाची व्युत्पत्ती म्हणून मात्र तो छापू नये.

गौतम गोत्र नसेल तर हे नाव ठेवावे का?

हा प्रश्न खरोखर विचारला जातो, विशेषतः घरातल्या वडील मंडळींकडून. गोत्राची खूण म्हणून गौतमी हा शब्द वापरला जात होता त्या काळी याचे उत्तर नकारार्थी आले असते, कारण भलत्या कुळाचे नाव लावणे म्हणजे खोटी ओळख सांगणे झाले असते. आज हा शब्द गोत्र सांगत नाही. तो नदी सांगतो, भिक्षुणीसंघाची पहिली माता सांगतो, राजमाता सांगतो आणि कित्येकदा केवळ कानाला गोड लागतो म्हणूनही ठेवला जातो. जानकी नाव असलेल्या मुलीच्या वडिलांचे नाव जनक असावे लागत नाही, आणि वैदेही बिहारमध्ये जन्मावी लागत नाही. नाव एकदा रूढ झाले की त्याच्या उगमाच्या अटी मागे पडतात.

याचाच दुसरा परिणाम असा की या नावावर कोणा एका समाजाचा हक्क सांगता येत नाही. नाशिकच्या एखाद्या वर्गात गोदावरीच्या भक्तीने नाव ठेवलेली गौतमी आणि महाप्रजापतीच्या आदराने नाव ठेवलेली गौतमी एकाच बाकावर बसलेल्या असू शकतात. नावावरून मुलीची जात किंवा धर्म ताडण्याची जी वाईट सवय आपल्याकडे आहे, ती या नावापुरती तरी चालत नाही.

लिहायचे कसे?

देवनागरीत ‘गौतमी’, शेवटी दीर्घ ‘मी’. ‘गौतमि’ असे ऱ्हस्व रूप मराठीत चुकीचे ठरते आणि ‘गौतमीला’, ‘गौतमीचा’ या रूपांतही ते दीर्घच राहते. तेलुगू भागात हे नाव गोदावरीमुळे पुष्कळ आढळते, पण तिकडे रोमन लिपीत ‘त’साठी ‘टी’च्या पुढे ‘एच’ लावण्याची पद्धत असल्याने महाराष्ट्रातले लोक ते ‘गौथमी’ असे वाचतात. नाव तेच आहे आणि उच्चारही ‘त’चाच. रोमन लिपीतले वर्णलेखन घरात एकदा ठरवून जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर तेच ठेवावे, कारण एका अक्षराच्या फरकासाठी पुढे राजपत्रात नाव बदलून घेण्याची वेळ येते.